अंगावर शस्त्र वागवायचं असेल तर

पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे, खारघर आणि आजूबाजूच्या गावांत ज्यांच्याकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल आहे, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितो आहे. परवाना द्यावा की देऊ नये, हा वाद इथे नको. ज्यांना मिळाला त्यांची चौकशी झाली, कागद तपासले गेले, आणि आता ते हत्यार त्यांच्या घरात आहे. माझं म्हणणं त्यापुढचं आहे. ते दिवसभर अंगावर कसं वागवायचं, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. हत्याराबरोबर एखादं नायलॉनचं मऊ होल्स्टर हातात पडतं आणि त्यावर वर्षानुवर्षं भागवलं जातं. मग ते बसताना बरगडीला टोचतं, चालताना पँट खाली ओढतं, घामाने कातडी सोलवटते. माणूस वैतागतो, दिवसभर चाचपतो, सरकवतो आणि शेवटी काढून गाडीच्या कप्प्यात टाकतो. अपघाताला वाट मिळते ती या काढघालीतच.

म्हणून सोयीचं होल्स्टर ओळखण्याचं माझं माप एकच आहे. सकाळी घातल्यापासून घरी परत येईपर्यंत ज्याला हात लावावा लागत नाही, ते सोयीचं.

1 ऑक्टोबर 2024 ची पहाट आठवा. अभिनेते गोविंदा कोलकात्याला निघायच्या तयारीत होते. जुहूच्या घरी परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातून निसटलं, गोळी सुटली आणि त्यांच्या डाव्या पायात शिरली. शस्त्रक्रिया झाली, ते बचावले. तिथे ना हल्लेखोर होता, ना भांडण. हत्यार एका जागेवरून दुसऱ्या जागी चाललं होतं, एवढंच. आपल्या घरांत हे रोज घडतं, कधी दिवसातून चारदा. जितक्या वेळा हत्यार हातात येईल तितक्या वेळा धोका, हा साधा हिशेब धरून चाला.

कायदाही याच दिशेने बोट दाखवतो. 2016 च्या शस्त्र नियमांतला नियम 32 प्रत्येक परवानाधारकाने एकदा वाचावा. सार्वजनिक जागी रिव्हॉल्व्हर-पिस्तूल न्यायचं तर ते त्यासाठीच बनवलेल्या होल्स्टरमध्ये अंगाला बांधलेलं हवं, किंवा पाठपिशवीसारख्या साधनात हवं. ते पूर्ण झाकलेलं हवं आणि बाळगणाऱ्याचा त्यावर नीट ताबा हवा. बाहेर काढून दाखवणं तर साफ मना आहे. म्हणजे शर्टाखालून मूठ डोकावली तरी नियम मोडला, आणि हत्यार गाडीत ठेवून तुम्ही चहाला उतरलात तरी मोडला. त्यात परवाना जाऊ शकतो, हत्यारही जप्त होऊ शकतं. आपल्याकडे कित्येकांना मूठ दिसण्यातच शान वाटते. त्यांनी ही शान आजपासून सोडावी, अशी कळकळीची विनंती आहे.

आता होल्स्टरकडे येऊ. घेताना आधी चाप कुठे येतो ते बघा. चाप आणि त्याभोवतीची कडी पूर्ण झाकली गेली पाहिजे, आणि झाकणारा भाग कडक हवा. रिकामं हत्यार आत घालून बाहेरून बोटाने दाबून पाहा. चाप बोटाला जाणवला तर ते होल्स्टर तिथेच परत करा. मग बटणाची किंवा अंगठ्याने उघडायची पट्टी लावून, गादीवर धरून ते उलटं करा आणि झटका द्या. हत्यार जागेवरून हललं नाही पाहिजे. तिसरी परीक्षा तोंडाची. हत्यार काढल्यावर होल्स्टरचं तोंड मिटत असेल तर परत घालताना दुसऱ्या हाताने ते उघडावं लागतं आणि तो हात नळीसमोर येतो. मऊ नायलॉनच्या होल्स्टरचा मोठा दोष हाच. ‘सगळ्या मॉडेलना चालेल’ असं लिहिलेलं तर घेऊच नका. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर फुगीर असतो, पिस्तूल चपटं असतं. दोघांना एकच होल्स्टर बसत नाही.

सामान्य नागरिकाला 9 मि.मी. मिळत नाही, त्यामुळे बहुतेकांकडे .32 बोअरचंच काहीतरी असतं. कानपूरच्या कारखान्याचं रिव्हॉल्व्हर असो की कुणाचं आजोबांच्या वेळचं विलायती, वजन अर्ध्या किलोच्या पुढेच जातं. 2014 मध्ये मुद्दाम हलकं म्हणून बाजारात आलेलं ‘निर्भीक’सुद्धा अर्ध्या किलोच्या आसपास आहे. पाण्याची भरलेली अर्ध्या लिटरची बाटली पट्ट्याला एका बाजूने दिवसभर बांधून फिरल्यासारखं हे आहे. एवढं वजन लग्नात मिळालेल्या पातळ, चकचकीत पट्ट्यावर पेलत नाही. पट्टा मुरगळतो, होल्स्टर बाहेर कलतं आणि हात आपोआप तिकडे जातो. होल्स्टरवर पाच हजार घालवणारे पट्ट्यावर पाचशेसुद्धा खर्च करत नाहीत, हे मी पुष्कळ पाहिलं आहे. दीड इंच रुंद, दोन थर एकत्र शिवलेला जाड चामड्याचा पट्टा घ्या. चांगला चर्मकार तो करून देतो. पट्टा आडवा धरून दोन्ही हातांनी पिळून पाहा. सहज पिळला गेला तर तो या कामाचा नाही.

हत्यार बांधायचं कुठे, यावर प्रत्येकाचा अनुभव वेगळा असतो, पण पनवेलची हवा आणि आपलं बसणं-उठणं सगळ्यांना सारखंच. बेंबीला बाराचा आकडा धरला तर उजव्या हाताच्या माणसाला तीन ते चारच्या मधली जागा सगळ्यात सुसह्य पडते. कमरेच्या हाडाच्या किंचित मागे, जिथे थोडं मांस असतं तिथे. पट्ट्याच्या बाहेरून लावलेलं होल्स्टर तिथे टोचत नाही, वाराही लागतो. अडचण झाकण्याची. शर्ट बाहेर सोडलेला, सैल आणि कमरेखाली वीतभर तरी लांब हवा. स्कूटरवरून जाताना शर्ट वाऱ्याने उडतो आणि मागच्या रिक्षावाल्याला सगळं दिसतं. दुचाकीवर फिरणाऱ्यांनी म्हणूनच पँटच्या आतल्या बाजूचं होल्स्टर वापरून पाहावं. त्यासाठी पँट कमरेला दीड-दोन इंच मोठी शिवून घ्यावी लागते. नेहमीच्या मापाच्या पँटमध्ये कोंबलं तर दुपारपर्यंत कमरेवर वळ उठतात. आणि मे महिन्यात आत सुती गंजी घातल्याशिवाय ते अंगाला लावूच नका. घामाचं मीठ कातडीलाही खातं आणि लोखंडालाही.

पोटासमोर, पट्ट्याच्या बकलाशेजारी खोचण्याची पद्धत सिनेमातून आली आहे. ती अजिबात नको. खाली बसलं की नळी पोटात रुतते आणि तिचं तोंड तुमच्याच जांघेकडे असतं. जांघेतली मोठी धमनी फुटली तर पनवेलच्या ट्रॅफिकमधून हॉस्पिटल गाठेपर्यंत रक्त थांबत नाही. पाठीमागे बरोबर मणक्यावर ठेवणंही चुकीचं आहे. दुचाकीवरून पाठीवर पडलात तर लोखंडाचा तो तुकडा थेट कण्यात बसेल. खांद्याचं होल्स्टर रुबाबदार दिसतं, पण त्यावर जॅकेट हवं, आणि आपल्याकडे जॅकेटचा मोसम किती दिवसांचा? शिवाय त्यातल्या बहुतेक प्रकारांत नळी मागच्या माणसाकडे रोखलेली राहते. सोबत मागे बायको किंवा मुलगा बसलेला असतो, हे विसरू नका. खिशात नुसतं टाकणं तर किल्ल्या आणि सुट्ट्या पैशांच्या संगतीत चाप मोकळा सोडण्यासारखं आहे.

ज्यांचा वेष कुर्ता-पायजमा किंवा धोतर आहे, ज्यांचं पोट मोठं आहे, किंवा ज्या बायकांच्या नावावर परवाना आहे, त्यांनी पट्ट्याचा हट्ट धरू नये. अंगावर तिरपी घालायची छोटी, मजबूत पिशवी घ्यावी. आत हत्यारापुरता कडक कप्पा शिवून घ्यावा आणि त्या कप्प्यात रुमालसुद्धा ठेवू नये. नियमाला हे चालतं. अट एकच, पिशवी अंगावरून उतरायची नाही. ती खुर्चीच्या पाठीला लागली, रिक्षात शेजारी ठेवली, देवळाबाहेर चपलांपाशी राहिली, की ताबा सुटला. ज्यांना पिशवी काढून बाजूला ठेवायची सवय आहे त्यांनी स्वतःला ओळखून हा मार्ग टाळावा. नेहमीच्या पर्समध्ये पावडर, मोबाइल, औषधांबरोबर हत्यार ठेवणाऱ्या ताईंना हात जोडून सांगतो, तुमच्या पर्समध्ये नातवंडं चॉकलेट शोधतात.

विकत घेतल्यावर लगेच घेऊन बाहेर पडू नका. हत्यार रिकामं करा. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी पाहा, मग बोटाने चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. आता ते बांधून आठवडाभर घरातच वावरा. मांडी घालून पाटावर जेवायला बसा. देवासमोर वाका, थोरल्यांच्या पाया पडायला वाकता तसं. लहान मूल कडेवर घ्या, म्हणजे ते नेमकं कुठे लाथ मारतं ते कळेल. गाडीत बसून सीटबेल्ट लावा, काढा, परत लावा. सीटबेल्टचं बकल आणि होल्स्टर एकाच बाजूला आलं की दोन्ही अडकतात, आणि एक्स्प्रेस-वेवर कळंबोलीहून निघालेला माणूस खोपोलीच्या आधीच ते काढून शेजारच्या सीटवर ठेवतो. नंतर कुणीतरी आडवं घुसलं, तोंडातून शिवी गेली, आणि हत्यार हाताच्या अंतरावर. रागाच्या आणि हत्याराच्या मध्ये पट्टी, बटण, शर्ट असे दोन-तीन अडथळे राहिलेच पाहिजेत.

संडासाचं बोलायला संकोच वाटतो, पण बोलतोच. हायवेवरच्या फूड मॉलमध्ये पँट उतरवली की पट्टा सैल होतो, होल्स्टर उलटं लटकतं. मग लोक हत्यार काढून फ्लशच्या टाकीवर ठेवतात किंवा दाराच्या हुकाला अडकवतात, आणि हात धुऊन निघून जातात. पट्टीचं बटण बंद असेल तर हत्यार काढायची गरजच पडत नाही. पट्टा परत गुडघ्यांवर आवळून धरा, होल्स्टर दोन मांड्यांमध्ये पँटच्या घोळातच राहू द्या, नळी जमिनीकडे. भारतीय पद्धतीच्या संडासात हेही जमत नाही. तिथे जावं लागणार असेल अशा प्रवासाला तिरपी पिशवीच बरी.

भरलेलं पिस्तूल वागवताना चेंबर रिकामं ठेवा. मॅगझिनमध्ये गोळ्या असल्या तरी नळीत गोळी नको. जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमरच्या खालचं घर मोकळं सोडा, म्हणजे खाली पडून हॅमरवर आदळलं तरी त्याच्यासमोर काडतूस नसेल. वीस-तीस वर्षं जुनं हत्यार असेल तर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून त्याची तपासणी करून घ्याच. झिजलेली सेफ्टी बाहेरून ओळखू येत नाही.

आता ज्या ठिकाणी न्यायचंच नाही, त्याविषयी. तुमचा परवाना उलगडून अटी वाचा. जत्रा, धार्मिक मिरवणुका, सार्वजनिक जमाव, शाळा-कॉलेजांची आवारं इथे शस्त्र न्यायला बंदी असते. मॉलच्या दारात तपासणी होते, न्यायालयात होते, मोठ्या हॉस्पिटलांत होते. अशा ठिकाणी जायचं असेल तर हत्यार घरच्या तिजोरीतच राहू दे. दारापर्यंत नेलं की ते गाडीत सोडण्याखेरीज उपाय उरत नाही, आणि गाडी फोडायला चोराला एक मिनिट पुरतं. कर्नाळ्याचं सांगायला हवं, कारण हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. ते पक्षी अभयारण्य आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार नेता येत नाही. अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांनी वनखात्याकडे नाव नोंदवायचं असतं. रविवारी पोरांना घेऊन किल्ला चढायला जाताना कमरेला काही नाही ना, हे निघण्यापूर्वी बघा. आणि आता विमानतळ दारात आला आहे. प्रवासाच्या बॅगेच्या कोपऱ्यात मागच्या वर्षीचं एक काडतूस विसरलेलं असलं तरी एक्स-रेमध्ये ते दिसतं, विमान सुटतं आणि आपण पोलीस ठाण्यात बसतो. शस्त्राची पिशवी आणि प्रवासाची पिशवी कायम वेगळी ठेवा.

हळदीविषयी मी आगरी माणूस म्हणूनच बोलतो, बाहेरचा म्हणून नव्हे. आपली हळद म्हणजे गावजेवण, बेंजो, पहाटेपर्यंत नाच. मांडवात पांढऱ्या शर्टातला एखादा धिप्पाड पुरुष नाचताना हात वर करतो, शर्ट वर जातो आणि चामड्याचं काळं पाकीट दिसतं. नाचणारी पोरं जरा मागे सरतात, म्हातारी माणसं नजर वळवतात. त्याने तीन पेग घेतलेले असतात. तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, काढ की एकदा. 2019 च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात किंवा बेफिकिरीने गोळी झाडून कुणाचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वर झाडलेली गोळी खाली येते, ती मांडवाच्या बाहेर कुठल्या तरी ओटीवर. ज्या दिवशी दारू, त्या दिवशी हत्यार नाही. यात तडजोड नाही.

दुसरी गोष्ट मनात रुतलेली आहे. 1984 च्या जानेवारीत उरण तालुक्यात जमिनीच्या हक्कासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांच्या गोळ्या चालल्या आणि पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, भूखंडांतून पैसा आला. त्या पैशातून घेतलेलं हत्यार चौकात मिरवायचं? माझं मन हे कबूल करत नाही. खरा धोका असलेल्या माणसाने ते झाकून, गप्प राहून वागवावं. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

हत्यार दुसऱ्याच्या हाती जाणार नाही याची जबाबदारी पूर्णपणे परवानाधारकाची. 8 फेब्रुवारी 2024 ला दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. मारणाऱ्याने वापरलेलं पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं, आणि अंगरक्षकालाही अटक झाली. ड्रायव्हरकडे, भाच्याकडे, फार्महाऊसच्या माणसाकडे ‘दोन मिनिटं धर’ म्हणून देऊ नका. घरात ते भिंतीला बोल्ट मारलेल्या लोखंडी तिजोरीत राहावं, काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली देवघराच्या मागे ठेवतात हे घरातल्या प्रत्येक पोराला माहीत असतं.

पावसाळ्यात चार महिने विशेष काळजी. रात्री हत्यार चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून झोपू नका. चामडं ओल धरतं, सकाळी नळीवर तांबूस ठिपके आणि काडतुसांच्या पितळेवर हिरवी पूड दिसते. रिकामं करून, कोरड्या कापडाने पुसून, बंदुकीच्या हलक्या तेलाचा हात फिरवा. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि एरवीही चिकट होऊन आतले भाग अडकवतं. होल्स्टरला बुरशी आली तर सावलीत वाळवा, उन्हात नको, उन्हात ते आक्रसून हत्यार घट्ट धरतं.

एवढं सगळं करून पाहिलं आणि आठवड्यानंतरही ते टोचतंच, सारखा हात तिकडे जातोच, झोप लागत नाही, बायको घाबरते, तर ते न वागवणं हाही मार्ग आहे. धोका टळला असेल, वय झालं असेल, हात कापत असेल, तर परवाना पुढे चालवायची सक्ती कुणाची नाही. पनवेल शहर आणि आसपासची बहुतेक गावं महसुलाला रायगड जिल्ह्यात असली तरी पोलिसांच्या हिशेबी नवी मुंबई आयुक्तालयात येतात. तेव्हा परवान्याच्या कामासाठी अलिबागची वारी नको, बेलापूरच्या आयुक्त कार्यालयात जा. हत्यार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येतं. घरातला परवानाधारक वारला असेल तर वारसांनी ते कपाटात आठवण म्हणून न ठेवता लगेच जमा करावं, नाहीतर बिनपरवाना शस्त्राचा गुन्हा वारसांवर येतो. नेताना ते रिकामं, पेटीत बंद, काडतुसं वेगळी, परवाना सोबत. ठाण्यात शिरण्याआधी दारावरच्या शिपायाला सांगा की हत्यार जमा करायला आलो आहे. हत्याराचा नंबर, काडतुसांची संख्या आणि तारीख लिहिलेली पावती हातात पडल्याशिवाय तिथून हलू नका.